रक्त थांबवणार की चालू ठेवणार? एका आईच्या पत्राला उत्तर

पत्र: आमची मुलगी दीड महिन्याची आहे, वजन साडेतीन किलो. इकोमध्ये हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र निघालं आणि महाधमनीची कमानही अरुंद आहे. दोन्ही एकाच ऑपरेशनमध्ये दुरुस्त करायचं ठरलंय. एका सर्जननी सांगितलं, बाळाला अठरा-वीस अंशांपर्यंत थंड करून काही मिनिटं रक्ताभिसरण पूर्ण थांबवू. दुसऱ्यांनी सांगितलं, आम्ही मेंदूला रक्त चालूच ठेवतो. तेव्हापासून घरात दोन तट पडलेत. हे म्हणतात, दुसरीकडेच जायचं. सासूबाई विचारतात, हृदय बंद केलं आणि परत सुरू झालंच नाही तर? मला तर त्या मशीनचीच भीती वाटते. एवढ्याशा जिवाला ते झेपेल का? मोठेपणी तिच्या बुद्धीवर परिणाम होईल का? कुठली पद्धत चांगली ते एकदाचं सांगा. – एक आई

ताई,

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण त्यावरूनच घरात ताण आलाय. रक्त थोडा वेळ थांबवणं आणि मेंदूपुरतं चालू ठेवणं, या दोन्ही पद्धती कमानीच्या, म्हणजे हृदयातून निघालेली महाधमनी जिथे वळते त्या भागाच्या, ऑपरेशनसाठी जगभर वापरतात आणि दोन्हींनी बाळं बरी होऊन घरी जातात. ऐकताना पहिली भयंकर वाटते आणि दुसरी सुरक्षित, हे मला समजतं. पण नुसत्या नावावरून हॉस्पिटल निवडू नका. मी बरीच वर्षं परफ्युजनिस्ट म्हणून काम केलंय, म्हणजे ऑपरेशनच्या वेळी हार्ट-लंग मशीन चालवण्याचं काम. त्या जागेवरून जे दिसतं ते सांगते: पद्धत कुठली यापेक्षा ती किती मिनिटं, किती अंशांवर आणि किती सरावाच्या हातांनी होते, यावर बाळाचं बरंच काही अवलंबून असतं.

आता मशीनकडे येऊ, कारण तुमच्या भीतीचं मूळ तिथे आहे.

अंगभर फिरून हृदयाकडे परतणारं रक्त वरच्या आणि खालच्या महाशिरेत घातलेल्या दोन नळ्यांमधून बाहेर घेतात. ते ऑक्सिजनेटरमध्ये जातं. तिथल्या अतिशय बारीक, पोकळ तंतूंमधून ऑक्सिजन रक्तात येतो आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. रक्त थंड किंवा गरम करण्याची सोयही तिथेच असते. मग ते रक्त फिल्टरमधून महाधमनीत परत जातं. एवढ्या वेळात हृदय आणि फुप्फुसं या फेरीतून बाजूला झालेली असतात, आणि सर्जनच्या हातात रिकामं, स्थिर हृदय येतं. पडद्याचं छिद्र आतल्या बाजूला आहे. तिथे टाके घालायचे तर हृदय उघडावंच लागतं. महाधमनी नुसती एका जागी आवळलेली असती, तर डाव्या कुशीतून, मशीनशिवायही काम झालं असतं. तुमच्या मुलीची कमानच अरुंद आहे आणि सोबत मोठं छिद्र आहे, म्हणून छाती मधोमध उघडून दोन्ही कामं एकदम करायची, असं डॉक्टरांनी ठरवलेलं दिसतं. मला ते बरोबर वाटतं.

‘एवढ्याशा जिवाला झेपेल का’ हा प्रश्न अगदी योग्य आहे. मोठ्या माणसाच्या अंगात पाच लिटरच्या आसपास रक्त असतं. मशीनच्या नळ्या भरायला लिटर-दीड लिटर द्रव लागला तरी त्याला ते पेलतं. तुमच्या मुलीच्या अंगात, किलोमागे ८५ मिली धरलं, तर सगळं मिळून ३०० मिली रक्त आहे. पाण्याचा एक पेला भरेल एवढंच. बाळांसाठीचं छोटं सर्किट, म्हणजे मशीनच्या नळ्या, ऑक्सिजनेटर आणि रक्त साठवणारी टाकी, घेतलं तरी ते भरायला साधारण १५० ते ३०० मिली लागतात, काही केंद्रांमध्ये त्याहून कमी. म्हणजे तिच्या अंगात आहे जवळजवळ तेवढंच पुन्हा मशीनमध्ये. ते नुसत्या सलाइनने भरलं तर तिचं रक्त फारच पातळ होईल. म्हणून सर्किटमध्ये आधी रक्तपेढीतलं रक्त घालतात आणि बाळाला जोडण्यापूर्वीच त्यातलं पोटॅशियम, कॅल्शियम, आम्लता तपासून बाळाच्या रक्ताशी जुळवून घेतात. किती पातळ चालेल यावर बोस्टनला रीतसर चाचणी झाली. लाल पेशींचं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास ठेवलेली बाळं आणि ३० टक्क्यांच्या आसपास ठेवलेली बाळं यांची तुलना केली, तेव्हा जास्त पातळ रक्ताच्या गटात वर्षाच्या वयाला हालचालींचा विकास मागे दिसला. तेव्हापासून बाळांचं रक्त फार पातळ होऊ न देण्याकडे कल आहे. रक्तदात्यांची सोय करायला सांगितलं असेल तर ते यासाठी. रक्त मागितलं म्हणजे काही बिघडलंय, असं समजू नका.

एवढ्या लहान बाळाला मिनिटाला किलोमागे १५० मिलीच्या आसपास रक्त पुरवावं लागतं. तुमच्या मुलीच्या वजनाला मिनिटाला अर्धा लिटर झाला. मशीनच्या टाकीत ५० मिली रक्त शिल्लक असेल आणि शिरेतून येणारी नळी जरा दुमडली, तर ती टाकी सहा सेकंदांत रिकामी होईल. म्हणून टाकीच्या पातळीवर सेन्सर असतो, हवेचा बुडबुडा ओळखणारा सेन्सर असतो, आणि परफ्युजनिस्ट तिथून उठत नाही. पातळी बोटभर उतरली की सर्जनला सांगायचं, त्यांनी नळी हलवून बघायची, तोवर पंपाचा वेग कमी करायचा. ऑपरेशनभर हे बोलणं चालू असतं. बाहेर बसलेल्या आईवडिलांना यातलं काही दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं: तुमच्या मुलीकडे त्या वेळात एक माणूस सलग बघत असतो, आणि त्याचं तेवढंच काम असतं.

नळ्यांमध्ये रक्त गोठू नये म्हणून आधी हेपॅरिन देतात. रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते मोजून, आकडा साधारण ४८० च्या वर गेला की मगच मशीन सुरू होतं. शेवटी प्रोटामिन देऊन हेपॅरिनचा परिणाम उतरवतात.

सासूबाईंना हे वाचून दाखवा. हृदय ‘बंद’ करतात म्हणजे पोटॅशियम असलेलं थंड द्रावण हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांमध्ये सोडून त्याचे ठोके थांबवतात. द्रावणाचं नाव कार्डिओप्लेजिया. थांबलेलं, थंड हृदय फार कमी ऑक्सिजनवर राहू शकतं, आणि सर्जनला नाजूक टाके घालता येतात. काम झालं की महाधमनीवरचा चिमटा काढतात, कोमट रक्त हृदयाच्या स्नायूत शिरतं, द्रावण धुऊन जातं आणि बहुतेक वेळा ठोके आपोआप सुरू होतात. लय नीट नसेल तर तात्पुरत्या तारा लावून पेसमेकरने लय देतात. स्नायू थकलेला असेल तर औषधांनी आधार देतात, आणि क्वचित एखाद्या बाळाला काही दिवस एक्मोवर, म्हणजे आयसीयूत हृदय-फुप्फुसांचं काम करणाऱ्या मशीनवर, ठेवावं लागतं. ‘परत चालूच झालं नाही तर’ या भीतीवर टीमजवळ एकामागून एक उपाय तयार असतात. धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही, कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. पण सासूबाईंना वाटतं तसं हृदय नशिबावर सोडून देत नाहीत.

थोडं मागचं सांगते, कारण मला स्वतःला यातून धीर मिळतो. हार्ट-लंग मशीन लावून हृदयाचं पहिलं यशस्वी ऑपरेशन जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ ला फिलाडेल्फियात केलं, अठरा वर्षांच्या मुलीवर. पण लहान मुलांसाठी मशीन अजून भरवशाचं नव्हतं. तेव्हा मिनेसोटात वॉल्टन लिलहाय यांनी १९५४ मध्ये वेगळाच मार्ग काढला: बहुतेकदा मुलाच्या आईला किंवा वडिलांना शेजारच्या टेबलावर झोपवायचं, दोघांच्या रक्तवाहिन्या नळ्यांनी जोडायच्या, आणि मुलाचं हृदय उघडं असेपर्यंत आई-बापाच्या हृदय-फुप्फुसांनी दोघांना जगवायचं. अशी ४५ ऑपरेशनं झाली आणि २८ मुलं वाचून घरी गेली. त्या आधी या मुलांसाठी करण्यासारखं जवळजवळ काहीच नव्हतं. पण यात धडधाकट माणसाचाही जीव पणाला लागत होता, म्हणून चांगलं मशीन येताच ही पद्धत मागे पडली. ज्या मशीनची तुम्हाला भीती वाटते, ते त्या आईवडिलांच्या जागी आलंय.

आता थंडावा आणि दोन पद्धती.

तापमान दर दहा अंशांनी उतरलं की मेंदूची ऑक्सिजनची गरज निम्म्याहून कमी होते. ३७ वरून १८-२० अंशांवर आणलं की गरज इतकी घटते की मेंदू काही काळ रक्तपुरवठ्याविनाही तग धरतो. कमान दुरुस्त करताना अडचण अशी, की मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या कमानीतूनच निघतात. कमान उघडली की नेहमीच्या वाटेने रक्त पाठवता येत नाही. पहिले सर्जन म्हणतात ते हे: मशीनवर सावकाश, निदान वीसेक मिनिटं थंड करायचं, डोक्याभोवती बर्फ ठेवायचा, मग पंप थांबवून, नळ्या काढून, अगदी मोकळ्या जागेत कमान शिवायची आणि लगेच परत पंप सुरू करायचा. याला सर्क्युलेटरी अरेस्ट म्हणतात. दुसरे सर्जन कमानीच्या पहिल्या फांदीत, म्हणजे उजव्या हाताकडे आणि मेंदूच्या उजव्या बाजूकडे जाणाऱ्या धमनीत, नळी ठेवून तेवढ्या वाटेने कमी प्रमाणात रक्त चालू ठेवतात. यात तापमान इतकं खाली न्यावं लागत नाही, बहुधा २२ ते २८ अंशांवर भागतं.

दुसरी पद्धत कागदावर सरस दिसते. प्रत्यक्षात तिच्याही अटी आहेत. रक्त उजवीकडून जातं. डाव्या मेंदूला ते तळाशी असलेल्या जोडवाहिन्यांमधून पोहोचतं, आणि या जोडण्या प्रत्येक बाळात सारख्या नसतात. प्रवाह कमी पडला तर डावी बाजू उपाशी, जास्त झाला तर मेंदूला सूज. म्हणून कपाळावर दोन्ही बाजूंना छोटे सेन्सर चिकटवून मेंदूतल्या ऑक्सिजनचा आकडा सतत बघतात. त्याला एनआयआरएस म्हणतात. डावा आकडा उतरला की प्रवाह वाढवायचा किंवा नळीची जागा बदलायची. शिवाय नळी टाक्यांच्या जागेजवळच असते, त्यामुळे काम थोडं जास्त वेळ चालू शकतं.

मग पुरावा काय सांगतो? मिशिगन विद्यापीठात दोन्ही पद्धतींची थेट तुलना झाली आणि २००७ मध्ये छापली गेली. ती बाळं एकच कार्यक्षम कप्पा असलेली होती, म्हणजे तुमच्या मुलीपेक्षा गंभीर दोषाची. कुठल्या बाळाला कुठली पद्धत हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. वर्षाच्या वयाला तपासलं तेव्हा मेंदूपुरतं रक्त चालू ठेवलेल्या गटाचा विकास सरस निघाला नाही. यजमानांना एवढं तरी जरूर सांगा.

बोस्टनचा दुसरा एक अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तिथे १९८८ ते १९९२ मध्ये दोन मोठ्या धमन्यांची अदलाबदल झालेली १७१ बाळं घेतली. निम्म्यांत मुख्यतः रक्त थांबवलं, निम्म्यांत मशीनवर कमी प्रवाह चालू ठेवला. सुरुवातीला रक्त थांबवलेल्या गटात झटके जास्त दिसले आणि वर्षाला हालचाली मागे होत्या. आठव्या वर्षी चित्र गुंतागुंतीचं झालं: पहिल्या गटाला सूक्ष्म हालचाली आणि बोलणं थोडं जड गेलं, दुसऱ्या गटात उतावळेपणाच्या तक्रारी जास्त होत्या. सोळाव्या वर्षापर्यंत पद्धतीमुळे पडलेला फरक जवळपास दिसेनासा झाला. याच मुलांच्या नोंदींवरून हेही कळलं की थंडाव्यात साधारण ४० मिनिटांपर्यंत रक्त थांबवलं तर फारसा फरक पडत नाही, त्यापुढे धोका मिनिटागणिक वाढत जातो. ‘रक्त थांबवणार’ हे शब्द ऐकून घाबरण्यापेक्षा ‘किती मिनिटं’ असं विचारणं म्हणूनच महत्त्वाचं.

बुद्धीबद्दल मोकळेपणाने सांगते. तान्हेपणी हृदयाचं मोठं ऑपरेशन झालेली बरीच मुलं नेहमीच्या शाळेत जातात, त्यांची बुद्ध्यांक चाचणीही सर्वसाधारण हद्दीत येते. तरी एक गट म्हणून पाहिलं तर लक्ष एकाग्र होणं, हस्ताक्षर, बोलणं, कामाचा क्रम लावणं यात अडचणी इतर मुलांपेक्षा जास्त आढळतात. याचं सगळं खापर मशीनवर फोडणं चूक आहे. गंभीर दोष असलेल्या बाळांचे ऑपरेशनआधी एमआरआय काढले, तेव्हा कित्येकांचा मेंदू जन्मतःच काही आठवडे कमी पक्व दिसला, कारण पोटात असतानाच त्याला ऑक्सिजन कमी मिळत होता. गुणसूत्रांतले दोष, ऑपरेशननंतरचे आयसीयूतले दिवस, घरची परिस्थिती, हे सगळं त्यात येतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्येच सांगितलं की अशा मुलांच्या विकासाची तपासणी ठरावीक वयांना झालीच पाहिजे. घरी आल्यावर विकासतज्ज्ञांकडे नाव नोंदवा आणि मुलगी छान खेळत असली तरी तपासण्या चुकवू नका. बोलण्याची किंवा हातांची थेरपी दोन वर्षांच्या वयात सुरू झाली तर तिचा जेवढा उपयोग होतो, तेवढा सातव्या वर्षी होत नाही.

दोन्ही सर्जनना, शक्यतो यजमानांना सोबत घेऊन, परत भेटा. विचारा की कमानीचं काम किती मिनिटांत होईल असा त्यांचा अंदाज आहे, आणि वेळ वाढली तर ते काय करतील. रक्त थांबवणारे चांगले सर्जन म्हणतील, मध्येच पंप सुरू करून मेंदूला काही मिनिटं रक्त देतो आणि मग पुढचं करतो. मेंदूला रक्त चालू ठेवणाऱ्यांना विचारा, कपाळाच्या दोन्ही बाजूंना सेन्सर लावता का आणि डावा आकडा पडला तर काय करता. दोघांनाही विचारा, एवढ्या वजनाच्या बाळांच्या कमानीचं ऑपरेशन तुमच्याकडे वर्षाला किती वेळा होतं आणि त्यांचं पुढे काय झालं. माझ्या मते हा सगळ्यात वजनदार प्रश्न आहे, आणि तो विचारायला लाजू नका. रोज सर्क्युलेटरी अरेस्टवर काम करणाऱ्या टीमला तुमच्या आग्रहाखातर वेगळी पद्धत करायला लावणं मला धोक्याचं वाटतं, उलटंही तसंच. लहान मुलांचं मशीन नेहमी चालवणारा परफ्युजनिस्ट आहे का आणि रात्री आयसीयूत मुलांच्या हृदयाचे तज्ज्ञ डॉक्टर थांबतात का, हेही विचारा. उत्तर सरळ, आकड्यात आलं आणि तुमच्या प्रश्नाने कोणी चिडलं नाही, तर ती जागा मला बरी वाटेल.

एक तपासणी झाली आहे का ते आवर्जून बघा. कमानीचे दोष असलेल्या काही मुलांमध्ये २२ क्रमांकाच्या गुणसूत्राचा छोटा तुकडा गहाळ असतो. तसं असेल तर रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरू शकतं, आणि द्यायचं रक्त किरणोत्सर्गाने प्रक्रिया केलेलं लागतं. ऑपरेशनआधी कळलं तर टीमला तयारी करता येते.

ऑपरेशननंतर पहिल्यांदा आयसीयूत शिराल, तेव्हा मुलगी सुजलेली दिसेल. पापण्या मिटलेल्या, बोटं फुगलेली, तोंडात श्वासाची नळी, छातीतून निघालेल्या नळ्या. मशीनच्या परक्या पृष्ठभागावरून रक्त फिरलं की अंगात दाह होतो आणि बारीक रक्तवाहिन्यांमधून पाणी झिरपतं, त्याची ही सूज. ती कमी व्हावी म्हणून मशीन सुटताना रक्तातलं जादा पाणी गाळून काढतात. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही युक्ती रूढ केली. तरीही थोडी सूज येतेच. कधी कधी हृदयाला जागा मिळावी म्हणून छातीचं हाड एक-दोन दिवस उघडं ठेवून वरून पातळ आवरण लावतात. आधी सांगितलेलं नसेल तर ते दृश्य बघून आईबाप कोसळतात, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. तिच्याशी बोला, तिचा पाय हातात धरा. नर्सना विचारलंत तर कुठे हात लावायचा ते त्या दाखवतील.

आणि वेळेबद्दल. मोठं छिद्र आणि अरुंद कमान एकत्र असलेल्या बाळाला फार थांबता येत नाही. दोघांना भेटून याच आठवड्यात ठरवा. तिसरं, चौथं मत घेत फिरू नका. तोपर्यंत तिला सर्दी-खोकला असलेल्या माणसांपासून दूर ठेवा, आणि ताप आला तर लपवून ऑपरेशनची तारीख गाठू नका, लगेच कळवा. दूध ओढताना कपाळावर घाम येत असेल, दोन घोटांत दमून झोपत असेल, श्वास जोरात चालत असेल, पाय हातांपेक्षा थंड लागत असतील किंवा लंगोट नेहमीपेक्षा कोरडे राहत असतील, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी तिला थेट इमर्जन्सीत न्या. सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका.